बायकोच्या पहिल्या पिस्तुलासाठी एका काकांचे जाहीर आभार

कोल्हापूर

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

रेंजवर लहानथोर सगळे तुम्हाला काका म्हणतात, म्हणून इथंही तेच. नाव घालू नका असं तुम्ही बजावलंय, ते पाळतो. आभार मात्र जाहीरच मानायचे आहेत. नवरा वर्षानुवर्षं नेमबाजी करतोय आणि आता बायकोलाही दहा मीटर एअर पिस्तूल सुरू करायचंय, अशी घरं कोल्हापुरात कमी नाहीत. पैसे वाया जायच्या जागा सगळ्यांच्या त्याच. त्या तुम्ही आधीच बुजवल्यात, तेव्हा कशा बुजवल्यात तेही इथं लिहितो. दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

सगळ्यात आधी आभार ते नवऱ्याला बाहेर बसवल्याबद्दल. "साहेब, तुम्ही जरा चहा पिऊन या. पिस्तूल वहिनींचं आहे." हे तुम्ही प्रत्येक जोडप्याला म्हणता, आणि बरोबर म्हणता. नेमबाज नवरा पिस्तूल हातात घेतो, दोनदा उचलतो आणि "एक नंबर बसतंय" म्हणतो. ते बसतंय त्याच्या हाताला. नव्या माणसाला तुलना करायला काहीच नसतं, म्हणून तीही मान डोलावते. तुम्ही चांगलं-वाईट विचारलंच नाहीत. कुठं दाबतंय, कुठं पोकळी राहतेय, बोट कुठं टेकतंय, एवढंच विचारलंत. याची उत्तरं पहिल्या दिवशीसुद्धा खरी देता येतात.

कोणतं पिस्तूल, हा घोळही तुम्ही दोन वाक्यांत मिटवता. राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकल्यापासून "मला तसलंच पाहिजे" म्हणणारे बरेच येतात. ते पदक २५ मीटर पिस्तूलचं. ते शस्त्र .२२ बोअरचं, त्याला शस्त्रपरवाना लागतो, आणि ट्रिगरचा भार किमान १००० ग्रॅम. दहा मीटरचं एअर पिस्तूल ४.५ मि.मी. बोअरचं. अर्ध्या ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण १५० मीटर वेगानं सुटते, म्हणजे ऊर्जा साडेपाच-सहा ज्यूल. २०१६ च्या शस्त्र नियमांत ४.५ मि.मी. आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. सुरुवात इथूनच. पण बिल तिच्याच नावानं घ्यायचं, बिलावरचा सिरियल नंबर पिस्तुलावरच्या नंबराशी दुकानातच ताडून बघायचा आणि प्रवासात बिलाची प्रत पेटीत ठेवायची, हे तुम्ही आग्रहानं सांगता. परवाना लागत नाही म्हणजे खेळणं आहे असं नव्हे. डोळा जाऊ शकतो. लहान मुलं असलेल्या घरात पेटीला कुलूप हवंच, गोळ्या वेगळ्या कपाटात.

आता ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ. खरा उपकार इथला आहे.

"घरात एक आहे की, दोघं मिळून वापरू" हा विचार बहुतेक घरांत आधी येतो. तो का चालत नाही ते तुम्ही हातात पिस्तूल देऊनच दाखवता. एल मापाच्या ग्रिपवर छोटा हात ठेवला की तळहाताच्या मध्यभागी पोकळी राहते, ट्रिगरवर बोटाचं नुसतं टोक पोचतं आणि ते टोक ट्रिगर मागं ओढण्याऐवजी बाजूला ढकलतं. गोळ्या लक्ष्यावरच्या काळ्या गोलाच्या एका बाजूला जमतात, आणि मग बिचारी साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणेचे, स्क्रू फिरवत बसते. दर वेळी ग्रिप, ट्रिगर, साइट सगळं बदलायचं आणि परत पूर्वपदावर आणायचं, यात दोघांचाही खेळ बिघडतो.

कासार बांगड्या भरताना जसा हात दाबून बघतो, तसा तुम्ही आधी हात बघितलात. मग पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीनं त्याची बाह्यरेषा काढलीत आणि विक्रेत्याला तो कागद पाठवायला सांगितलात. "स्मॉल द्या" असं फोनवर सांगून भागत नाही, कारण एका कंपनीचं एस दुसऱ्या कंपनीच्या एम एवढं भरतं.

माप बरोबर आलं तरी ग्रिप तशीच वापरायची नसते. हाताला टाल्कम पावडर लावून ग्रिप घट्ट धरायची आणि सोडायची. लाकडावर पावडर कुठं उमटली आणि कुठं नाही, ते बघायचं. जिथं उमटली नाही तिथं लाकडाची पुट्टी, अगदी थोडी, आणि ती रात्रभर वाळू द्यायची. जिथं टोचतंय तिथं ८० नंबरचा पॉलिशपेपर, चार घासे मारले की परत हात घालून बघायचं. घासलेलं लाकूड परत येत नाही, म्हणून घाई नको. तळहाताखालचा पाम शेल्फ नुसता टेकला पाहिजे. आवळून बसवला की हात स्थिर झाल्यासारखा वाटतो, पण दहा मिनिटांत बोटं थरथरायला लागतात. शेल्फ आणि हात यांच्यात कागदाची घडी सरकेल एवढी जागा ठेवा, हे तुमचं माप. उन्हाळ्यात हात फुगतो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अक्रोडाचं लाकूडही फुगतं, तेव्हा ती जागा कामाला येते. पेठेतल्या सुतारमिस्त्रींचा हात कितीही चांगला असो, ग्रिप त्यांच्याकडं द्यायची नाही. ते प्रेमानं गुळगुळीत करून वर पॉलिश मारून देतील, आणि घाम आलेल्या हातात ती साबणाच्या वडीसारखी सरकेल. घासलेल्या जागी टोकदार पंचनं परत खडबडीत ठिपके पाडायचे.

आणि ती डोळे मिटायची चाचणी. लक्ष्याकडं उभं राहायचं, डोळे मिटायचे, हात उचलून आपसूक स्थिरावू द्यायचा, मग डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड सोडून दिसली, तर ग्रिप बसली. ती खाचेत डावी-उजवीकडं सरकलेली असली तर दोष ग्रिपच्या कोनाचा. स्क्रू ढिले करून ग्रिप किंचित फिरवायची. पण साइट खाचेत बरोबर आहे आणि पिस्तूलच लक्ष्याच्या बाजूला बघतंय, तर दोष पायांचा. मागचा पाय सरकवायचा, ग्रिपला हात लावायचा नाही. पाचसहा वर्षं खेळलेली माणसंही या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि पायांची चूक पुट्टीनं सुधारू बघतात.

वजनाबद्दल तुमचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटलं. नियमात पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत चालतं, पण प्रौढांची बहुतेक मॅच पिस्तुलं किलोच्या आसपास असतात. दुकानात पहिल्यांदा उचललं की सगळीच हलकी वाटतात. खरं वजन चाळिसाव्या उचलीला कळतं. २०१८ पासून बायकांनाही ६० गोळ्या आहेत, इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर वेळ सव्वा तास, आधीची सरावाची १५ मिनिटं वेगळी. म्हणून तुम्ही आखूड आणि लांब नळीची दोन्ही पिस्तुलं तेवढ्याच वेळा उचलायला लावलीत. दर वेळी स्थिरावल्यावर पाच ते आठ सेकंद, तेवढ्यात गोळी सुटली नाही तर हात खाली. शेवटच्या दहा उचलींत कोणतं जास्त लोंबतंय ते बघितलंत. आखूड नळीचं पिस्तूल नव्या खांद्याला सोसतं. पुढं जड असलेलं लांब पिस्तूल तयार हातात शांत राहतं, नव्या हातात नाक खाली घालतं. आणि वजन वाढवता येतं, नळीखाली छोटी वजनं लावायची सोय असते. कमी करता येत नाही.

ट्रिगर. भार किमान ५०० ग्रॅम, नियमच आहे. तपासणीत नळी सरळ वर धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. पिस्तूल कॉक केलेलं आणि हवेसकट. बरोबर ५०० वर लावलेला ट्रिगर घरी पास होतो आणि स्पर्धेच्या टेबलावर सुटतो, म्हणून तुम्ही ५२० च्या वर ठेवलात. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो: पहिल्या टप्प्यात साधारण ३८० ते ४०० ग्रॅम, उरलेला भार दुसऱ्या टप्प्यात. नव्या माणसाला दुसऱ्या टप्प्याची पायरी बोटाला स्पष्ट लागली पाहिजे, नाहीतर गोळी कधी सुटली तेच कळत नाही. बोट लाकडाला घासतंय का, तेही तुम्ही मधून कागद सरकवून बघितलंत. इलेक्ट्रॉनिक की मेकॅनिकल, या वादात तुम्ही पडला नाहीत, आणि तेच योग्य. इलेक्ट्रॉनिकला भिंतीसमोरचा कोरडा, म्हणजे गोळी न घालता करायचा, सराव सोपा जातो, मेकॅनिकलला बॅटरी लागत नाही. मोरिनी, स्टायर, वाल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी यांपैकी कुठलंही चांगलं पिस्तूल नव्या माणसाच्या खेळाच्या कितीतरी पुढं असतं. ज्याची ग्रिप आणि सुटे भाग आपल्याला मिळतात ते घ्यावं, एवढंच.

डोळ्याचं एक. दोन्ही हातांच्या पंजांतून छोटी फट करून भिंतीवरचा ठिपका बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं ठिपका टिकतो तो प्रबळ डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर लगेच डावं पिस्तूल मागवू नये. त्या डोळ्यापुढं पट्टी लावून बघावी, नियमात ती ३० मि.मी. रुंदीपर्यंत चालते. डोळा मिटून खेळायचं नाही, चेहरा आखडतो.

पिस्तुलातली गोळी ज्या दाबाच्या हवेनं सुटते, तिच्या सिलिंडरबद्दल तुम्ही एवढे कडक का, हे कारखान्यांच्या गावात राहून समजतं. शिरोलीतला वर्कशॉपचा कॉम्प्रेसर आठ-दहा बार दाबाचा. आपल्याला लागतात २०० बार. मग कुणीतरी शहाणा सुचवतो की फॅब्रिकेशनच्या शेडमधला ऑक्सिजन भरू. कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेला-ग्रीसचा अंश एकत्र आला की स्फोट होतो. भरायची ती फक्त कोरडी, गाळलेली हवा. ३०० बारच्या टाकीतून २०० च्या सिलिंडरमध्ये बेतानं, गेज बघत. भरताना सिलिंडर तापतो, गार झाला की काटा थोडा उतरतो. ती गळती नव्हे. गळती बघायची तर गार झाल्यावर आकडा लिहून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत बघायचा. हातपंप वापरणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर पंपातलं पाणी मधून मधून सोडलं नाही तर ते थेट व्हॉल्व्हमध्ये जातं. सीलना सिलिकॉन ग्रीस, यंत्राचं तेल नाही.

जुनं पिस्तूल स्वस्तात मिळत होतं, तेव्हा तुम्ही ग्रिपच्या आधी सिलिंडरवरची तारीख वाचलीत. सिलिंडरची मुदत बहुधा दहा वर्षांची असते. ती संपली की उपकरण तपासणीत अडतं आणि वापरायलाही धोका. संपत आलेले दोन सिलिंडर आणि एल मापाची ग्रिप, दोन्ही बदलायचा खर्च किमतीत मिळवला की "स्वस्त" पिस्तूल नव्याच्या जवळ जातं. चांगलं नवं पिस्तूल दोन लाखांच्या घरात पडतं, म्हणून मोह होतो खरा. तारीख ताजी आणि ग्रिप एस किंवा एम असेल, तर जुनं घ्यायला हरकत नाही, हेही तुम्हीच म्हणालात.

गोळ्यांवर तुम्ही फार वेळ घालवला नाहीत. चपट्या तोंडाच्या, ५०० च्या डब्यातल्या, एकाच मापाच्या. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मि.मी. चं आहे, आणि पहिल्या वर्षी हात त्याहून कितीतरी जास्त हलतो. बॅच तपासायचे लाड नंतर. शिसं आहे, तेव्हा खेळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही, हे मात्र तुम्ही दर वेळी ओरडून सांगता.

या सगळ्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. पुट्टीचा खर्चसुद्धा नाही. म्हणून हे पत्र.

आपले,
राजारामपुरीतले दोघं

ता. क. चष्म्याचं राहिलंच. चाळिशी ओलांडलेल्यांना पुढची साइट धूसर दिसते आणि ते हाताला दोष देतात. तुम्ही सांगितल्याप्रमाणं डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाताना हात लांब करून डोळ्यापासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर टेपनं मोजून नेलं. लांबच्या नंबरात +०.५० मिळवून साइट टोकदार दिसते आणि काळा गोल थोडा धूसर, हवा तसा. नंबर फक्त नेम धरायच्या डोळ्याचा बदलला आहे. काच बसवून झाली की डोळे मिटायची चाचणी परत करायला रविवारी सकाळी येतो.