त्या गाण्यांना रडगाणी म्हणू नका

महोदय,

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या घरोघरी पियानोवर म्हटल्या जाणाऱ्या शोकगीतांवर रविवारच्या पुरवणीत लेख आला आहे. लेखकाने ही सगळी ‘बाजारू रडगाणी’ ठरवली आहेत. मी कॅम्पातल्या एका शाळेत पियानो आणि पेटी शिकवत होते. ही गाणी वाजवलेली आहेत, म्हणून लिहिल्यावाचून राहवेना.

लेखात सर्वांत जास्त चेष्टा झाली आहे ती १८७३च्या एका गाण्याची. मरणाला टेकलेलं पोर आईला सांगतं, माझे बूट नीट ठेव, बाळ मोठा झाला की त्याला होतील. यात खोटं काय आहे? मूल जातं, त्याचे बूट घरातच राहतात. आमच्या सासूबाईंचा पहिला मुलगा तापानं गेला. त्याची कुंची त्यांनी ट्रंकेत ठेवली आणि पुढं माझ्या नवऱ्याला तीच घातली. घालावी की नाही, यावरून घरात मोठा वाद झाला होता म्हणे. त्यांना हे गाणं कळलं असतं.

छापणाऱ्यांनी धंदा केला, हे खरंच. देवदूत, सोनेरी कुरळे केस, थडग्यावरची फुलं, तोच माल पुन्हा पुन्हा विकला. कित्येक गाणी वाईटच आहेत. पण नुसते शब्द वाचून निकाल देऊ नये. यातल्या बऱ्याच गाण्यांत कडवं एकानं म्हणायचं असतं आणि ध्रुवपद सगळ्यांनी मिळून, चार आवाजांत. १८६१चं ‘रिकामी खुर्ची’ घ्या. जॉन ग्राउट हा अठरा वर्षांचा लेफ्टनंट अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात बॉल्स ब्लफच्या लढाईत मारला गेला. थँक्सगिव्हिंग या तिकडच्या सणाच्या पंगतीत त्याची जागा रिकामी. कविता हेन्री वॉशबर्न यांची, चाल जॉर्ज रूट यांची. उत्तरेच्या सैनिकावरचं हे गाणं दक्षिणेतही म्हटलं गेलं. ज्याचं माणूस गेलं त्याचा गळा कडव्यात दाटला, तरी ध्रुवपद बाकीचे उचलतात. त्याला एकट्याला गात ठेवत नाहीत.

सासूबाई जांबोटीकडच्या. त्या मुलाबद्दल चारचौघांत कधी बोलल्या नाहीत. जात्यावर बसल्या की मात्र त्याची ओवी यायची. समोर खुंटा धरलेल्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई पुढचा चरण उचलायच्या आणि दळण थांबायचं नाही. मी नवी सून असताना हे ऐकलं आहे.

तेव्हा एक विनंती. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या अशा ओव्या पुरवणीत छापाव्यात. म्हणणाऱ्या बायका आता ऐंशीच्या पुढं गेल्या आहेत, त्यामुळं बातमीदाराला लवकर पाठवा. आणि नुसते शब्द उतरवून आणू नका. कुठला चरण कोण उचलतं, तेही लिहून घ्या.

– एक निवृत्त संगीत शिक्षिका, टिळकवाडी, बेळगाव