फिरवलेला कॉक आणि हिशेबात नसलेली दहा मिनिटे : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली

विषय : मालगाड्यांच्या ब्रेक व कपलिंगशी होणारी छेडछाड

महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२४ मध्ये कानपूरजवळ कालिंदी एक्स्प्रेसच्या वाटेत गॅस सिलिंडर ठेवला गेला, तेव्हा देशभर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलपाशी, दोन तास खोळंबलेल्या मालगाडीच्या दोन वाघिणींमध्ये वाकून कोणी काही ओढले, फिरवले किंवा काढून नेले, तर त्याची बातमी होत नाही. रुळावरचा सिलिंडर निदान दिसतो तरी. हे दिसत नाही, म्हणून हे पत्र.

मी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून नोकरी केली. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात; आम्ही गार्डच होतो. माझ्यासमोर एक गेज असे आणि त्याचा काटा ५ वर असला की पुढचे सगळे ठीक आहे असे धरून चालायचे. तो काटा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वाचकांनाही कळावे म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याला ते ठाऊक आहेच.

इंजिनापासून शेवटपर्यंत ब्रेक पाइप जातो. त्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाची हवा भरलेली असते, तोवर ब्रेक सुटलेले राहतात. दाब उतरला की प्रत्येक वाघीण स्वतःच्या टाकीतल्या हवेने ब्रेक आवळते. दीडशे वर्षांपूर्वी जॉर्ज वेस्टिंगहाउसने काढलेली ही युक्ती. तिची खुबी अशी की काही तुटले, फाटले, निसटले तर गाडी थांबते. दोन वाघिणींमधला ब्रेक पाइप जोडणारी लवचिक नळी म्हणजे होज पाइप. तो उपसणारा माणूस कितीही वाईट हेतूने आलेला असो, त्याच्या हातून गाडी थांबण्याचेच काम होते. चालत्या गाडीत कपलिंग, म्हणजे वाघिणी एकमेकींना धरून ठेवणारी जोडणी, सुटले तरी होज ताणून निघतात, हवा सुटते आणि दोन्ही तुकडे जागच्या जागी थांबू पाहतात. नुकसान होते, खोळंबा होतो, पण यंत्रणा आपल्या बाजूने असते.

घाबरायचे ते काहीच न तुटता होणाऱ्या छेडछाडीला. इंजिन जोडता-काढताना हवा अडवता यावी म्हणून प्रत्येक वाघिणीच्या दोन्ही टोकांना अँगल कॉक, म्हणजे हाताने दांडा फिरवून बंद करायची तोटी, असते. ५८ वाघिणींची गाडी म्हणजे ब्रेक पाइपवरच ११६ कॉक. त्यातला एखादा मध्येच बंद झाला, तर लोको पायलटने उतरवलेला दाब तिथपर्यंतच उतरतो. पलीकडच्या वाघिणींना पत्ताच लागत नाही. त्यांच्या पाइपात हवा कोंडलेली, ब्रेक मोकळे आणि मागून लोटणारे वजन. कोळशाने भरलेला रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी माळ, ५००० टनांच्या घरात जातो. इंजिनातला गेज मात्र बरोबर ५ दाखवतो, आणि कोंडलेली हवा झिरपून जाईपर्यंत मागचा गेजही.

यासाठी दुष्ट माणूसही लागत नाही. पॅरिसच्या गार द लियों स्थानकात २७ जून १९८८ रोजी ५६ माणसे गेली. त्याच्या आधी वाटेतल्या एका स्टेशनवर कोणी प्रवाशाने धोक्याची साखळी ओढली होती आणि ब्रेक सोडवण्याच्या खटपटीत चालकाकडूनच चुकून असा एक कॉक बंद झाला. गाडी निघाली, उतार लागला, आणि मागच्या जवळजवळ सगळ्या डब्यांना ब्रेक नव्हते. रेल्वेच्या माणसाकडून चुकून जे होते, ते बाहेरच्याने खोडी म्हणून केले तर हवेला फरक कळत नाही.

टक्कर टाळण्यासाठी गाडीला आपोआप ब्रेक लावणाऱ्या ‘कवच’ यंत्रणेचा प्रसार आपण आग्रहाने करत आहात, त्याचे स्वागत आहे. पण कवचही ब्रेक लावते ते याच पाइपातला दाब उतरवून. वाट मध्ये अडली असेल तर त्याचाही हात अडलेल्या कॉकपर्यंतच पोचणार.

आता कायद्याकडे येतो. रेल्वे कायदा, १९८९ मध्ये होज पाइपचा नाव घेऊन उल्लेख आहे, कलम १७४ मध्ये. पण ते कलम गाडी अडवण्याबद्दलचे आहे. रेल रोको आणि रुळावर ठिय्या देणे याच पंगतीत होज पाइपशी छेडछाड बसवली आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझा अंदाज असा की त्यामागे व्हॅक्युम ब्रेकच्या, म्हणजे पाइपातली हवा शोषून ब्रेक मोकळे ठेवण्याच्या जुन्या पद्धतीच्या, काळातली समजूत आहे. व्हॅक्युमच्या पाइपाला डब्याच्या टोकाशी असा बंद करायचा कॉक नसे. पाइप काढला की गाडी थांबे, आणि गावाजवळ उतरण्यासाठी लोक तो काढतही. तेव्हा छेडछाड म्हणजे खोळंबा हे समीकरण बरोबर होते. एअर ब्रेकच्या मालगाडीत ते उलटे होते. कॉक बंद करणारा गाडी अडवत नाही, ती थांबण्याची सोय काढून घेतो. त्याला गाठायचे तर कलम १५० (गाडीचा मुद्दाम घात करणे) किंवा १५३ (मुद्दाम केलेल्या कृतीने प्रवाशांचा जीव धोक्यात घालणे) कडे जावे लागते. १५० मध्ये जन्मठेपेपर्यंत, काही प्रसंगी फाशीपर्यंतही, शिक्षा आहे, पण तिथे हेतू किंवा जाणीव सिद्ध करायची असते. पंधरा वर्षांच्या पोराने गंमत म्हणून दांडा फिरवला, तर हे सिद्ध कसे करणार आणि का करावे, हाही प्रश्नच आहे. ब्रेक निकामी करणे हा गाडी अडवण्यापेक्षा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे, एवढे तरी कायद्यात वेगळ्या शब्दांत यावे.

तरी कायद्याने फार काही होईल असे मला वाटत नाही. वाघिणींखाली शिरणारी माणसे एका जातकुळीची नसतात. लोखंड विकणारे असतात, कोळसा उतरवणारे असतात, आणि सगळ्यांत जास्त असतात ती निव्वळ पलीकडे जायला निघालेली माणसे. लूपमध्ये, म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळावर, मालगाडी उभी, पादचारी पूल दूर. ती कपलिंगवर पाय देऊन, होज हाताने बाजूला सारून जातात. पहिल्या दोघांसाठी आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, आहे. तिसऱ्यांसाठी पूल किंवा भुयारी वाट हाच उपाय.

बिनइंजिनाच्या, यार्डात सोडून दिलेल्या रेकबद्दलही दोन शब्द. जून २०२३ मध्ये ओडिशात जाजपूर-केओंझर रोड स्थानकात वादळी पावसातून आडोसा घ्यायला मजूर उभ्या वाघिणींखाली बसले आणि वाऱ्याच्या जोराने त्या चालू लागल्या; सहा जणांचा जीव गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कठुआहून ५३ वाघिणींची मालगाडी चालकाविना निघाली ती ७० किलोमीटरांवर पंजाबात थांबवावी लागली. दोन्हीकडे छेडछाड नव्हती. हँडब्रेक आणि चाकाखालची लाकडी पाचर यांवर किती भार आहे ते मात्र दिसले, आणि या दोन्ही गोष्टी कोणालाही हाताने काढता येतात.

माझी खरी मागणी वेळेची आहे. कसारा आणि खंडाळ्याच्या घाटात ३७ फुटांना एक फूट उतार आहे. तो उतरण्याआधी गाडी थांबवून ब्रेक तपासण्याची जुनी शिस्त आहे आणि त्या मिनिटांबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही. तीच मुभा निर्मनुष्य लूपमध्ये किंवा आउटरला बराच वेळ उभ्या राहिलेल्या मालगाडीला हवी. इंजिनात दाब उतरवायचा, शेवटच्या डब्यात काटा खाली येतो का पाहायचे, आला तर निघायचे. काटा ५ वर आहे एवढ्याने काही कळत नाही, तो पडतो का हे बघावे लागते. याला दहा मिनिटे लागतात. काटा पडला नाही तर अंधारात जवळपास ७०० मीटर चालत कॉक शोधावा लागतो, मग अर्धा तासही जातो. गाड्यांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलच्या फोनवर ‘किती वेळ’ विचारले जात असताना ही तपासणी करणे सोपे नसते. निघाल्यावर लोको पायलट ब्रेकचा अंदाज घेतोच, पण तोवर चाके फिरू लागलेली असतात.

गार्डशिवाय धावणाऱ्या गाड्यांत तर मागचा काटा बघायला माणूसच नाही. अमेरिकेत कहोन खिंडीत १ फेब्रुवारी १९९६ रोजी हवेची वाट अडलेली मालगाडी उतारावरून सुटली आणि दोन कर्मचारी गेले. त्यानंतर तिथे शेवटच्या डब्यावर दाब कळवणारे आणि गरज पडल्यास मागूनही हवा सोडणारे उपकरण सक्तीचे झाले. आपल्याकडे असे उपकरण बसवताना ते फक्त गाडी अखंड असल्याचे सांगणारे नसावे, मागून ब्रेक लावणारेही असावे. दोन्हींत फार फरक आहे.

उपकरणे यायला वर्षे लागतील. मधल्या काळासाठी एक परिपत्रक पुरे : राखण नसलेल्या जागी ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबलेली मालगाडी कंटिन्युइटी टेस्टशिवाय, म्हणजे वर सांगितलेल्या काटा पाडून बघण्याच्या तपासणीशिवाय, हलणार नाही, आणि त्या टेस्टचा वेळ कर्मचाऱ्यांच्या नावे खोळंबा म्हणून लिहिला जाणार नाही. यातला दुसरा भाग कृपया वगळू नये.

आपला,
मालगाडीचा एक निवृत्त गार्ड