डायलिसिसला सोबत जाणाऱ्या माणसाचं कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या जिल्हा पानावर डायलिसिसच्या नवीन मशीन आल्याची बातमी आणि फीत कापतानाचा फोटो बघितला. आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. पूर्वी इकडच्या माणसाच्या किडन्या गेल्या की मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोवा हेच तीन रस्ते होते आणि ज्यांना ते जमायचं नाही ते घरीच राहायचे, पुढचं सांगायला नको. 2016 पासून केंद्राची डायलिसिस योजना आली, आपल्या राज्याची महात्मा फुले आरोग्य योजना आहेच, त्यामुळे मशीन आता जवळ आल्या हे मान्य. पण त्या बातमीत मशीन किती, बेड किती हे सगळं होतं आणि पेशंटसोबत जो माणूस जातो त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती, म्हणून हे पत्र.

आम्ही देवगड तालुक्यातले, खाडीकाठचं गाव. माझे मिस्टर डायलिसिसवर आहेत. ज्यांच्या घरात हे नाही त्यांना सांगते, किडनीचं रक्त साफ करायचं काम मशीनने करून घ्यायचं, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, आणि हे बरं होईपर्यंत नव्हे, कायमचं. चार तास फक्त मशीनवरचे हं, पहाटे उठून डबा करा, पहिली एसटी पकडा, नंबर लागेपर्यंत बसा, वजन करा, मग मशीनवर घेणार, काढल्यावर सुईच्या जागेवर रक्त थांबेपर्यंत दाबून धरा, बीपी उतरलेला असतो म्हणून लगेच उठवायचं नाही, आणि मग परतीची गाडी. म्हणजे अख्खा दिवस गेला. एकट्याला सोडता येत नाही कारण उठताना चक्कर येऊन पडलेले पेशंट आम्ही डोळ्यांनी बघितलेत. सोबत माणूस हवाच असं तिथले लोक पण सांगतात, बरोबरच आहे त्यांचं, पण तो माणूस बसणार कुठे हे कोणी ठरवलेलं नाही. आम्ही जिन्यात बसतो. पावसाळ्यात जिन्यावर पागोळ्यांचं पाणी येतं तेव्हा उभे राहतो. बाईमाणसाला बाथरूमला जायचं तर समोरच्या हॉटेलवाल्याला विचारायला लागतं, तो बिचारा चांगला आहे म्हणून.

लोक म्हणतात डायलिसिस फुकट आहे ना मग खर्च कसला. मशीनवरचा फुकट, खरं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण रक्त वाढायचं इंजेक्शन आम्हाला बऱ्याचदा बाहेरून आणायला लागतं, नेफ्रोलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, दाखवायला फोंडाघाट चढून कोल्हापूरला जायला लागतं, आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे बुडालेला रोज. मिस्टरांचा टेम्पो होता तो विकला कारण स्टिअरिंग धरायचा त्याच हाताला फिश्चुला आहे, म्हणजे मशीनच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्ताची नळी, आणि त्या हातावर जोर द्यायचा नाही, जड उचलायचं नाही, बीपीचा पट्टापण त्या हाताला बांधायचा नाही. मी काजू फॅक्टरीत जायचे. आठवड्यातले तीन दिवस जी बाई येणार नाही तिला कोण ठेवणार, मालकाने काही दिवस सांभाळून घेतलं आणि मग नाही म्हणाला, त्याचा तरी काय दोष. म्हणजे आजारी एक, पगार गेले दोन. बारावीतली मुलगी शेजारच्या काकूंकडे जेवते त्या दिवशी आणि वर मलाच म्हणते, आई तू जेवलीस का.

आता खाण्यापिण्याचं. हे कोकणात जास्त अवघड आहे असं माझं मत आहे, आणि यावर कोणी लिहितच नाही. दिवसाला पाणी साधारण एक लिटरच्या आत, आणि त्यात चहा, आमटी, पेज, सोलकढी सगळं धरायचं. पेज म्हणजे पाणीच ना शेवटी. मे महिन्यातल्या उकाड्यात, अंगाची लाही होत असताना माणूस रात्री उठून सांगतो, "माका पाणी होया", आणि आपण वाटीभर मोजून द्यायचं. मी आता बर्फाचा छोटा खडा देते, तो चघळला की जरा बरं वाटतं. जास्त प्यायले की दुसऱ्या फेरीला वजनकाटा सगळं सांगतो, दोन फेऱ्यांच्या मधे अडीच-तीन किलो वाढलं की सिस्टर ओरडणार, आणि ते सगळं पाणी चार तासांत ओढलं की पायात असे पेटके येतात की हा एवढा मोठा माणूस बेडचा दांडा धरून रडतो.

त्यात भेटायला येणारे. प्रत्येकाच्या हातात शहाळं. "शहाळ्याचा पाणी पाजा तेका, किडनी साफ होतली." अहो, शहाळ्यात पोटॅशियम असतं, किडनी चालत नसेल तर ते अंगात साठतं आणि हृदय बंद पडू शकतं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात सांगितलं. केळी, फणस तेच. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं. सुकी मासळी बंद, कारण मीठ, आणि मीठ खाल्लं की तहान. आंबा स्वतःच्या कलमांचा, पेट्या भरून वाशीला पाठवायच्या आणि घरच्या माणसाला एक फोड द्यायची. आणि एक गोष्ट तर फार लोकांना माहितीच नाही, ते पाच धारांचं आंबट फळ, आडवं कापलं की चांदणी दिसते, काही जण कमरख म्हणतात, ते किडनीच्या पेशंटला विषासारखं आहे. न थांबणारी उचकी लागते, माणूस भ्रमतो, फिट येते, जीवही जातो. आपल्याकडे परसात झाड असतं आणि लोणच्यात, आमटीत सहज जातं. तिथे भिंतीवर आहाराचा जो तक्ता लावलाय त्यात सफरचंद आणि ब्रोकोली आहे. ब्रोकोली आमच्या बाजारात मी तरी बघितलेली नाही. या तक्त्यात शहाळं, फणस, सुकट आणि हे कमरख ठळक अक्षरात लिहायला कितीसा खर्च आहे?

किडनी बदलण्याबद्दल पण लिहिते कारण त्यावरून घरं तुटताना बघितलीत. अवयवदानाच्या 1994 च्या कायद्याने जवळचे नातेवाईक किडनी देऊ शकतात, आईवडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको, आता आजी-आजोबा नातवंडंपण. म्हणून हळदीकुंकवाला गेलं की पहिला प्रश्न, "तू नाय देणस?" मला शुगर आहे, मला घेणार नाहीत, हे मी किती जणींना सांगू. माझ्या जागी पुरुष असता तर त्याला इतक्या सहज कोणी विचारलं नसतं हेही मला माहितीये, आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष. दीर मुंबईत असतात. ते तपासणीला तयार झाले होते, मग जाऊबाई घाबरल्या आणि विषय बंद. गावात त्यांना नावं ठेवतात, मी ठेवत नाही. तिची दोन मुलं लहान आहेत, घर भाड्याचं आहे, तिने घाबरू नये असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आणि बदलून झालं तरी गोळ्या जन्मभर असतात, ती गाडी कायमची सुटते असं नाही.

रोज सकाळी चहाच्या आधी मी मिस्टरांच्या मनगटाच्या वर दोन बोटं ठेवते. फिश्चुला चालू असेल तर आत घुरघुर लागते, झोपलेल्या मांजराच्या पोटावर हात ठेवावा तशी. लागली नाही तर आहे त्या कपड्यात निघायचं, हे आमचं ठरलेलं आहे. हे काम ना डॉक्टर करतात ना मशीन, प्रत्येक घरात कोणीतरी बायको, आई, सून नाहीतर मुलगा करतो.

मागणं फार मोठं नाही. मशीन आल्या पण टेक्निशियन सुट्टीवर गेला की बदली कोण, हे ठरलेलं नसतं, गणपतीत हमखास असं होतं आणि पाचव्या दिवशी आम्ही फोन लावत बसतो की आज आहे का नाही. किडनीला गौरी-गणपतीची सुट्टी नसते. दुसऱ्या शिफ्टचा पेशंट काढेपर्यंत आमच्या बाजूची शेवटची गाडी गेलेली असते. पेशंटला साध्या एसटीत सवलत आहे, मला महिला म्हणून अर्धं तिकीट आहे, पण गाडीच नसेल तर सवलत काय चाटायची, मग रिक्षाला द्या पैसे. आगाराने शेवटची गाडी थोडी उशिरा सोडली तर नुसत्या आमच्या भागातल्या चार-पाच घरांचं काम होईल. लांबच्या पेशंटला सकाळची शिफ्ट द्या, जवळच्याला नंतरची, यासाठी पैसेही लागत नाहीत. आणि जिन्याऐवजी एक खोली, पंखा, संडास. वादळाचंही बघा. 2021 च्या तौक्तेत इकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, तेव्हा आम्ही या चक्रात नव्हतो, पण जे होते ते अजून त्याबद्दल बोलताना घाबरतात. जनरेटर आहे म्हणतात, डिझेल कोणाच्या सहीने येतं ते पण आधीच ठरवून ठेवा.

शेवटचं, ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी. मिस्टरांना बीपी होता, बरं वाटलं की गोळी बंद करायचे आणि टेम्पो चालवून कंबर दुखते म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खायचे, वर्षानुवर्षं. पायाला सूज आली तेव्हा पाणी डोक्यावरून गेलं होतं. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं बरंच काम बंद पडलेलं असतं, पण लघवीतून प्रथिनं जायला लागलीत का हे त्याच्या आधी कळू शकतं आणि ती तपासणी स्वस्त आहे. उपकेंद्रात तिशीच्या पुढच्यांची बीपी-शुगर बघतातच, ज्यांना यातलं काही निघालंय त्यांची त्याच दिवशी लघवीची पट्टी लावून बघा की. आशाताई आमच्या दारापर्यंत येतात, त्यांच्याकडे ही पट्टी द्या.

आपली,
एक वाचक भगिनी, ता. देवगड