वहीच्या कडेचा अंगठा

देहरादूनच्या हिमाद्री रिंकवर बर्फ सारखा करणाऱ्या काकांचे आभार मानायचे राहूनच गेले.

पुण्यात माझा फिगर स्केटिंगचा सराव चाकांवर चालतो. खऱ्या, 60 बाय 30 मीटरच्या बर्फासाठी दहा दिवस तिकडे गेले होते. 2 मिनिटं 40 सेकंदांच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या छोट्या सादरीकरणात, उड्या कुठे बसवायच्या, एवढंच डोक्यात. सोमवारी ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर, आणि वही राहिली बाकावर, जिथे मी ब्लेड पुसते तिथेच. कळलं ते दिल्ली सोडल्यावर. वेंधळेपणा माझाच.

रिंकवर फोन लावला, तो काकांनी उचलला. त्यांनी वही शोधली, ओली पानं हीटरपाशी वाळवली आणि ड्युटी संपल्यावर 46 पानांचे फोटो पाठवले, अगदी क्रमाने. प्रत्येक फोटोच्या कडेला लोकरी हातमोज्यातला त्यांचा अंगठा! 31वं पान धूसर आलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच ते पुन्हा काढून पाठवलं. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. खाली मेसेज : ‘दीदी, अब पढ़ा जाएगा?’

गेलं वाचता, काका. पेपर बरा गेला. वही तुमच्याकडेच असू द्या. पुढच्या खेपेला न्यायला येईन, बाकरवडी घेऊन.