त्याला लगेच घरी आणू नकोस

प्रिय मित्रा,

रात्री दीडचा तुझा मेसेज सकाळी वाचला. पुलाखाली झोपलेला तो नऊ-दहा वर्षांचा पोरगा, त्याला दिलेले पैसे, तुझी उडालेली झोप, सगळं कळलं. आणि आता म्हणतोयस की उद्या त्याला घरी आणतो, आंघोळ घालतो, शाळेत टाकतो. अरे थांब जरा! तुझं मन चांगलंय, प्रश्नच नाही, पण कुणाचंही मूल असं परस्पर घरी नेता येत नाही, कायद्यानेही नाही. आणि त्याच्या बाजूने बघ ना, अनोळखी मोठा माणूस गोड बोलून घरी चल म्हणतोय, ह्याच गोष्टीपासून ती मुलं रोज स्वतःला वाचवत असतात.

मी पण आधी असाच होतो. ड्रॉप-इन सेंटरच्या (रस्त्यावरची मुलं हवं तेव्हा येऊन जाऊ शकतात अशी जागा) लोकांबरोबर नवीन नवीन जायला लागलो तेव्हा एका मुलाला म्हणालो, रविवारी येतो, चप्पल आणतो. रविवारी घरी पाहुणे आले, राहिलंच. बुधवारी नवी कोरी चप्पल घेऊन गेलो तर पठ्ठ्या बघेना माझ्याकडे, चप्पल पण घेतली नाही. आमचा आउटरीचवाला, म्हणजे रस्त्यावर जाऊन मुलांना भेटणारा कार्यकर्ता, नंतर एवढंच म्हणाला, चप्पल नसती आणली तरी चाललं असतं, तू यायला पाहिजे होतंस. तेव्हापासून मी ‘बघतो, जमलं तर येतो’ असं पण म्हणत नाही, एक तर येतो म्हणतो आणि जातो, नाहीतर गप्प बसतो.

तो पैशाचं काय करणार असं तू विचारलंस. बऱ्याचदा ते त्याच्याकडे राहतच नाहीत, ग्रुपमधला मोठा पोरगा काढून घेतो, नवीन कपड्यांचं पण तेच. आणि ते रुमालात ओतून हुंगतात ना, व्हाइटनर नाहीतर पंक्चरचं सोल्यूशन, त्यावरून त्यांना शिव्या घालणं सोपंय रे, पण त्याने भूक मरते, थंडी वाजत नाही, भीती कमी होते. मेंदूची वाट लागते हे खरंच, पण हातातला रुमाल हिसकावून घेतलास तर तो दुसरा शोधेल आणि तुझ्याशी बोलणं बंद करेल. ह्यातली बरीच मुलं दिवसा झोपतात, माहितीये? रात्री कोण कधी येईल ह्याचा भरवसा नाही म्हणून. मी एकाला बघितलंय, शर्टाच्या आत पोटाला प्लास्टिकची पिशवी बांधून झोपायचा, सगळी इस्टेट त्यात.

आणि ही सगळी अनाथ असतात असं पण नाही, बहुतेकांचं कुणी ना कुणी असतं. कुणाचा बाप मारतो, कुणाची आई गेली आणि नवीन आलेलीला तो नकोय, कुणी कमवायला बाहेर पडला आणि रस्त्यावरच राहिला. म्हणून ‘घरी सोडून आलो’ हे वाक्य ऐकलं की मला टेन्शन येतं, मार खाऊन पळालेल्याला त्याच दारात सोडायचं आणि परत कधी चौकशीच करायची नाही, ह्याला काय अर्थय?

गाड्या आणून मुलं उचलायची, हे तर सगळ्यात वाईट. आमच्या इथली सात-आठ जण एका रात्रीत अशी नेली होती. चार दिवसांत पाच जण पळून आली, फक्त आता ती आणखी लांब, अंधाऱ्या जागी झोपायला लागली, आम्हाला शोधायलाच महिना गेला. बालहक्कांचा करार 1989 चा, पण त्यावर काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने रस्त्यावरच्या मुलांबद्दल वेगळं मार्गदर्शन काढलं ते थेट 2017 मधे, त्यात अशा धरपकडीला विरोध आहे आणि मुलाला काय पाहिजे ते आधी ऐका असं म्हटलंय. आपल्याला हे कळायला 28 वर्षं लागली!

पण एक लक्षात ठेव. मूल अगदी लहान आणि एकटं असेल, जखमी असेल, कुणी ओढून नेत असेल, तर विश्वासबिश्वास बाजूला, लगेच मुलांच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना फोन कर आणि कुणी येईपर्यंत तिथून हलू नकोस. आणि प्लीज फोटो काढून कुठे टाकू नकोस, हळहळणाऱ्यांबरोबर नको ते लोक पण बघतात, चेहरा आणि जागा दोन्ही त्यांना फुकटात मिळते.

शनिवारी रात्री माझ्याबरोबर ये, एकदा बघून जा. येणार असशील तर पुढचे तीन शनिवार पण मोकळे ठेव, नाहीतर राहू दे, मला राग नाही येणार. आणि तुझा तो मुलगा परत भेटला तर लगेच नाव विचारत बसू नकोस, स्वतःहून सांगेल तेव्हा सांगेल. बहुतेक खोटंच सांगेल, त्याच नावाने हाक मार.

तुझाच