इंदायची कागदपत्रं

मनिला,
रविवार दुपार

प्रिय शुभे,

तुझा तो सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा भाजी चिरताना आणि एकदा नीट बसून. मनूचं बीएस्सी नर्सिंगचं शेवटचं वर्ष, सांगलीत लावलेला जर्मनचा क्लास, आणि तो कोण एजंट, "पासपोर्ट तेवढा काढून ठेवा ताई, बाकी आम्ही बघतो" म्हणणारा. वर तू मला विचारतेस, "तू फिलिपाइन्ससारख्या नर्सांच्या देशात राहतेस, तिथल्या पोरी कशा जातात ते सांग की." फोनवर आटपण्यासारखं नाही गं ते. म्हणून लिहायला बसले. हसू नकोस.

आमच्या घरमालकीणबाई इलोइलो प्रांताकडच्या. त्या खाली राहतात, आम्ही वर. दीड वर्षापूर्वी त्यांची भाची नर्सिंगच्या बोर्डाच्या परीक्षेच्या तयारीसाठी त्यांच्याकडे राहायला आली. कागदावर तिचं नाव लांबलचक, पण घरात सगळे 'इंदाय' म्हणतात. त्यांच्याकडचं ते 'पोरी', 'बाळ' असं लाडाचं हाक मारणं. मला पहिल्या दिवशी सरळ 'इंदे' ऐकू आलं आणि तिथेच जीव जडला. थोरल्या बहिणीला हे लोक 'आते' म्हणतात. "आतेने पैसे पाठवले, आते रियाधला नर्स आहे" असं इंदाय सारखं सांगायची, आणि मी दोन महिने तिची कुणी प्रेमळ आत्या डोळ्यांपुढे आणत होते. निघाली मावसबहीण, घरमालकीणबाईंची थोरली मुलगी.

इलोइलोचं तुला आणखी एक सांगते. या देशातली पहिली नर्सिंगची शाळा १९०६ साली तिथल्या मिशन हॉस्पिटलात निघाली. ते मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियन, आपल्या मिरजेचं मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वानलेस साहेबांचं होतं तेच! मी हे बाईंना सांगितलं तर त्यांनी मला जवळजवळ नात्यातच घेतलं. तेव्हा इथे राज्य अमेरिकेचं, त्यामुळे शिक्षण इंग्रजीत आणि धडे अमेरिकन पद्धतीचे. मग १९४८ च्या एका योजनेतून दोन वर्षांसाठी म्हणून पोरी अमेरिकेत जायला लागल्या, १९६५ साली तिकडचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि कायमच्या राहायला लागल्या. आपल्याकडे केरळच्या सिस्टर जशा गावोगाव, तशा या जगभर. कोविडची पहिली लस आठवते? चाचण्यांबाहेरची जगातली पहिली फायझरची लस, कॉव्हेंट्रीच्या त्या नव्वदीच्या आजींना डिसेंबर २०२० मध्ये टोचली गेली ती. टोचणारी मे पार्सन्स फिलिपिनोच.

आता परीक्षेचं. आपण कॉलेजातून पास झालो की कौन्सिलकडे नाव नोंदवलं, संपलं. इथे पदवी हातात असली तरी नर्स होत नाही. वर्षातून दोनदा सरकारी बोर्ड. दोन दिवस, पाच पेपर, पाचशे प्रश्न. सरासरी ७५ लागतेच, शिवाय एकाही पेपरात ६० च्या खाली जायचं नाही. चार महिने ही पोर मनिलातल्या साम्पालोक भागात रिव्ह्यू सेंटरला, म्हणजे परीक्षेच्या क्लासला, जात होती. ती गल्ली म्हणजे आपली सदाशिव पेठच समज, स्पर्धा परीक्षावाली. वह्या, झेरॉक्स, खानावळी आणि कॉटबेसिसवर राहणारी पोरं.

परीक्षेआधी मी तिच्याबरोबर केसोन सिटीतल्या सांता क्लाराच्या मठात गेले. नारळ नाही, फुलं नाही, बारा अंडी घेऊन! लग्नाच्या दिवशी पाऊस पडू नये, परीक्षेत पास व्हावं, म्हणून इथे अंडी वाहतात. स्पॅनिशमध्ये 'क्लारा' म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि निवळलेलं आभाळसुद्धा, त्यावरून पडलेली ही रीत. अंडी ठेवायची आणि आपलं मागणं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. इंदायने चिठ्ठीवर हॉलतिकिटावरचं नाव जसंच्या तसं, सगळे शब्द, सुवाच्य अक्षरात लिहिलं. म्हटलं, अगं देवाला एवढं कशाला? तर म्हणाली, "नावात चूक झाली तर दुसरंच कुणी पास होईल." तेव्हा मी हसले. मीही एक चिठ्ठी टाकली. काय ते नंतर.

निकाल रात्री लागला. पास झालेल्यांची नावं अकारविल्हे, हजारोंनी. बाई वर धावत आल्या, रडत रडत माझ्या गळ्यात पडल्या. आठवड्याने इंदायची आई गावाहून फोटो पाठवते, तर चौकात भलामोठा फ्लेक्स! ते 'टार्पोलिन' म्हणतात. इंदाय टोपी घालून एका कोपऱ्यात, आणि बाजूला गावच्या पुढाऱ्याचा तिच्याहून मोठा फोटो, हसरा. मला एकदम मिरजेच्या स्टेशन चौकात उभी असल्यासारखं वाटलं.

आणि शुभे, खरी परीक्षा त्या फ्लेक्सनंतर सुरू झाली.

एका शनिवारी तिने बाईंच्या जेवणाच्या टेबलावर सगळी कागदपत्रं मांडली. मार्कांचा उतारा, पदवी, बोर्डाचे गुण, जन्मदाखला, कुठल्या वॉर्डात किती तास काम केलं त्याचा दाखला, नव्या लायसन्सचं कार्ड. ते कार्ड तीन वर्षांचं आणि संपतं वाढदिवसाला. वाढदिवसाची भेट म्हणून फी भरायची. आपण मधलं नाव वडिलांचं लावतो, हे लोक आईचं माहेरचं आडनाव लावतात. तिच्या जन्मदाखल्यावर आईच्या आडनावात एक अक्षर कमी होतं. एकच अक्षर! पण परदेशातली नर्सिंग बोर्डं कागद तुमच्याकडून घेतच नाहीत, थेट कॉलेजकडून मागवतात, आखातासाठी तर एक कंपनी प्रत्येक कागद मुळाशी जाऊन पडताळते. ते एक अक्षर दुरुस्त व्हायला पाच महिने गेले. कॉलेजात खेटे, नगरपालिकेत खेटे. मग पोलीस दाखल्यात 'हिट' लागला. हिट म्हणजे तुमच्याच नावाच्या कुणावर तरी केस आहे, ती तुम्ही नव्हे हे तपासेपर्यंत थांबा. १८४९ साली स्पॅनिश गव्हर्नरने यादी काढून लोकांना आडनावं वाटली, त्यामुळे सारख्या नावांची खोगीरभरती आहे इथे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या साहेबाच्या यादीपायी ही पोर रांगेत.

पण कागद निदान होतात तरी. होत नाही तो अनुभव. सौदीवाले मागतात, बाकीचेही बहुतेक मागतात, आणि नव्या पोरीला अनुभव देणार कोण? आतेची गोष्ट ऐक. तिने बोर्ड दिलं २००६ च्या जूनमध्ये, आणि नेमका तेव्हाच पेपर फुटला. हिने फुटलेलं पान डोळ्यांनीसुद्धा पाहिलं नव्हतं, पण बॅच डागाळली ती डागाळली. अमेरिकेने सांगितलं, दोन पेपर पुन्हा दिल्याशिवाय या बॅचला व्हिसाचा दाखला नाही. तिने पुन्हा दिले. तोवर अमेरिकेच्या व्हिसाची रांग तुंबली. मधल्या वर्षांत गावोगाव नर्सिंग कॉलेजं निघालेली, नोकरी सोडून डॉक्टरसुद्धा नर्सिंग शिकायला बसलेले, आणि दार एकदम बंद. तेव्हा एका खाजगी हॉस्पिटलात अनुभवाच्या दाखल्यासाठी आते सहा महिने राबली, आणि पगार मिळायचा राहिला बाजूला, उलट 'ट्रेनिंग फी' तिनेच भरली! सकाळ-दुपार-रात्र तिन्ही पाळ्या केल्या आणि पैसेही दिले. सरकारने पुढे हे बंद करा म्हणून बजावलं. तिचे दिवस गेले ते गेलेच. त्यानंतर दोन वर्षं कॉल सेंटर, आणि मग रियाध. आता तिथून खोके भरभरून चॉकलेटं, साबण, कॉर्न्ड बीफचे डबे येतात, आणि इंदायची फी येते.

इंदायला नोकरी लागली, छोट्या खाजगी हॉस्पिटलात, मेडिकल वॉर्डला. एका नर्सला बारा पेशंट असा निकष कागदावर आहे. परवा रात्री तिच्याकडे अठ्ठावीस होते. सकाळी जिन्यात बसली होती, बूट हातात. मी चहा दिला. म्हणाली, एका आजोबांची सलाईन संपून रक्त वर चढलं होतं, ते तिला नातवाने येऊन सांगितलं, तिचं तिला कळलंच नाही. आणि मग रडली. तुला-मला ते रडणं ओळखीचं आहे. सरकारी नोकरीत पगार बरा आहे. पण तोही कसा, २००२ च्या कायद्यात लिहिलेली वेतनश्रेणी सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर २०२० ला हातात पडली. अठरा वर्षं! आणि खाजगीत कित्येक ठिकाणी त्याच्या निम्माच. मग पोरी राहतील कशाला?

राहा म्हणून सांगून पाहिलं सरकारने. कोविड आला तसं २०२० च्या एप्रिलमध्ये नर्सांना बाहेर जायला बंदी घातली. काहींचं तिकीट, व्हिसा सगळं तयार होतं. नोव्हेंबरात उठवली, पण वर्षाला पाच हजारांची मर्यादा घालून, ती मग थोडी थोडी वाढवली. आणि २०२१ च्या फेब्रुवारीत इथल्या कामगार खात्याने ब्रिटन-जर्मनीला काय सुचवावं? आम्हाला लसी द्या, आमच्या नर्सेसवरची मर्यादा उठवतो. ब्रिटनने नाही म्हटलं. मी ती बातमी बाईंना विचारली तर त्या नुसत्या "हाय नाकू" (आपलं "अगं बाई") म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या. अमेरिकेतल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो शेकडा चारच्या आसपास. कोविडने सप्टेंबर २०२० पर्यंत तिथे ज्या नर्सेस मेल्या, त्यांत त्या जवळजवळ एक तृतीयांश होत्या, असं तिथल्या नर्सेसच्या संघटनेने मोजलं होतं. तेसुद्धा बाईंना माहीत आहे. त्यांच्या गल्लीतली एक गेली.

इंदायचं आता अमेरिकेच्या नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेचं चाललंय. पूर्वी त्यासाठी हाँगकाँग नाहीतर सायपान गाठावं लागायचं, २००७ पासून इथे मनिलाला लागून असलेल्या मकातीतच देता येते. कॉम्प्युटर तुमच्या उत्तरावर पुढचा प्रश्न ठरवतो. बरोबर आलं की अवघड, चुकलं की सोपा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. त्याची खात्री पटली की स्क्रीन बंद, तुम्ही पास की नापास ते तुम्हाला कळत नाही. कुठल्या राज्याकडे अर्ज करायचा यावर या पोरींचा तासन् तास खल चालतो. कॅलिफोर्निया म्हणे विषयाची थिअरी आणि वॉर्डातलं काम एकाच सत्रात झालं होतं का ते बघतं, आणि इथल्या कित्येकींचं तिथेच अडतं. यातली खरी गंमत तर पुढेच आहे. ती परीक्षा पास झाल्यावर लगेच अमेरिकेला जाता येतंच असं नाही, पण मनिलातच अमेरिकन विमा कंपन्यांचं काम करणारी ऑफिसं अशा पोरींना वॉर्डातल्या पगाराच्या कितीतरी पट देतात. रात्रपाळीला कॉम्प्युटरसमोर बसून तिकडच्या पेशंटांच्या फायली तपासायच्या. अमेरिकेची नर्स व्हायचं आणि एकाही पेशंटला हात लावायचा नाही. इंदायच्या तीन मैत्रिणी तिथे आहेत. ती नाही म्हणते. पण बूट हातात घेऊन जिन्यात बसलेली पाहिली की वाटतं, म्हणेल हो एक दिवस.

तर मनूचं. मला विचारशील तर पास झाल्यावर तिला दोन वर्षं चांगल्या वॉर्डात काम करू दे, मिरजेत काय, पुण्यात काय. त्यात दिवस फुकट जात नाहीत, पुढे तिकडचे लोक तेच तर विकत घेतात. जर्मनीला बी-टू या पातळीपर्यंत जर्मन भाषा लागते, आणि तिकडे गेल्यावरही मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणूनच काम. इथून २०१३ पासून जर्मन सरकारच्या योजनेतून नर्सेस जातात, त्यांना एक पैसा भरावा लागत नाही. आपल्याकडे केरळातूनही ती योजना आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केलाय, त्याची चौकशी कर. त्या एजंटला त्याचा नोंदणी क्रमांक विचार आणि सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर टाकून बघ. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटला तीस हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. त्याने किती मागितले ते तू मेसेजमध्ये सांगितलं नाहीस, आणि तुझा आवाज तिथेच जरा बारीक झाला. मी ऐकलं ते. मूळ मार्कशीट त्याच्याकडे देऊन ठेवली असशील तर उद्याच परत आण. आणि मनूचं नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर, आधारवर, कॉलेजात, पासपोर्टवर एकच आहे का, बापाच्या नावासकट, ते आज रात्रीच बघ.

आता माझं. चहा पिता पिता इंदायने मला विचारलं, "मॅम, तुम्हीपण नर्स आहात ना? मग तुम्ही का नाही देत परीक्षा?" म्हटलं, अगं माझं वय काय, मी वॉर्ड सोडून अकरा वर्षं झाली. तर म्हणाली, तिच्या बॅचला एक बावन्न वर्षांची होती. त्या दिवशी अंड्यांबरोबर मी जी चिठ्ठी टाकली, तिच्यात हेच होतं गं. यांना अजून सांगितलेलं नाही. तू आईकडे जाशील तेव्हा माझ्या लोखंडी कपाटातल्या खालच्या कप्प्यात निळी फाइल आहे, तिच्यातलं जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं, सर्टिफिकेट आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन काढ, आणि दोन्हींचा फोटो पाठव. एकावर लग्नाआधीचं नाव आहे आणि दुसऱ्यावर बहुतेक बाबांच्या नावात 'एच' राहिलाय. नीट उजेडात धरून काढ.

तुझीच,
मंदा