आपत्ती आराखड्यात रिवाइंडिंगवाल्यांचीही नोंद हवी

महोदय,

नौपाड्यातली चिखलवाडी सखल भागात आहे. मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळेला आली की नाल्याचे पाणी पुढे सरकत नाही आणि उलट गल्लीत शिरते. हे ठाणेकरांना नव्याने सांगायला नको. यंदाही पाणी भरल्याचे फोटो सगळीकडे आले आणि पाणी ओसरल्यावर विषय मागे पडला. तळमजल्यावरच्या माणसाचे खरे हाल मात्र पाणी ओसरल्यावरच सुरू होतात. त्या दिवसांत आमच्या मदतीला कोण धावून आले, हे लोकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

आमच्या भागात मोटर रिवाइंडिंगचे एक छोटे दुकान आहे. मालक, त्यांचा मुलगा आणि मोजके कारागीर. जळालेल्या मोटारीत तांब्याची नवी तार भरायची, पंप दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा. पाणी त्यांच्याही दुकानात शिरले होते. तरी स्वतःचे दुकान आवरायच्या आधी त्यांनी दुरुस्तीला आलेले डिझेलवरचे मड पंप बाहेर काढले. ते पंप एका बांधकामाच्या साइटचे होते. मालकांनी साइटवर फोन करून रीतसर परवानगी घेतली, मगच ते सुरू केले. एवढ्या घाईगर्दीतही दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावला नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

गाळाचे पाणी घरगुती पंपाने उपसता येत नाही. इम्पेलरमध्ये, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या आतल्या चक्रात, कचरा अडकतो आणि पंप बसतो. मड पंप लावूनही सक्शनच्या जाळीला सारख्या प्लास्टिकच्या पिशव्या चिकटत होत्या, आणि एक कारागीर तिथेच बसून त्या हाताने काढत होता. आधी चाळीतल्या खोल्या, मग शेजारच्या सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या. नाल्याचे पाणी मिसळलेली टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडर टाकून धुतल्याशिवाय वापरता येत नाही, आणि टँकर येईपर्यंत तेवढ्या लोकांना प्यायला पाणी नसते. कारागिरांना गमबूट आणि हातमोजे मालकांनी आधीच दिले होते. ज्याच्या पायाला जखम होती त्याला पाण्यात उतरू दिले नाही, लेप्टोची, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, भीती असल्याने डॉक्टरकडे पाठवले.

पण मला सर्वांत मोलाचे वाटले ते त्यांचे दुसरे काम. वीज परत यायच्या आत मालकांचा मुलगा दारोदार फिरून सांगत होता, की भिजलेली कोणतीही वस्तू चालू करू नका, प्लगसुद्धा लावू नका. वरून कोरडी दिसणारी मोटर आतून ओली असते. वीज दिली की वाइंडिंग जळते आणि धातूच्या बॉडीत करंट उतरला तर माणूस जातो. भिजलेली मोटर आधी स्वच्छ पाण्याने धुवायची, हे ऐकून आमच्यापैकी कित्येकांना धक्काच बसला. पण आत बसलेला गाळ आणि क्षार धुऊन काढल्याशिवाय ती नीट सुकत नाही. धुतल्यावर ती भट्टीत सुकवायची, मेगर हे मापक यंत्र लावून इन्सुलेशन (तारेवरचे वीजरोधक आवरण) तपासायचे, ते किमान एक मेगाओहमच्या वर आले की वार्निश द्यायचे. हे सगळे आम्ही त्यांच्या दारात उभे राहून पाहिले.

दुकानासमोर मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्याच्या मोटारी यांची रांग लागली होती. मालकांनी क्रम लावला तो पोटापाण्याच्या हिशेबाने. इडलीचे पीठ विकणाऱ्या ताईंचा ग्राइंडर आधी, पिठाच्या गिरणीची मोटर आधी, शिलाई मशीनची मोटर आधी. आमचे वॉशिंग मशीन मागे राहिले आणि ते योग्यच होते. तार आणि बेअरिंग बदलावे लागले तर फक्त त्याचे पैसे घेतले, मजुरी कोणाकडूनही नाही. कारागिरांचा रोज मात्र मालकांनी खिशातून चुकता केला. गणपतीच्या तोंडावरची कमाईची कामे त्यासाठी बाजूला पडली.

अशा माणसांचा सत्कार जरूर व्हावा, पण माझे मागणे वेगळे आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करणे बंधनकारक केले आहे. त्याच कायद्याच्या कलम 65 खाली बचावकार्यासाठी खासगी साधने ताब्यात घेता येतात आणि कलम 66 मध्ये त्याचा मोबदला देण्याची तरतूद आहे. पंप, जनरेटर, कुशल माणसे कुठे मिळतील याची जिल्हावार नोंद ठेवण्यासाठी इंडिया डिझास्टर रिसोर्स नेटवर्क ही केंद्राची व्यवस्थाही आहे. मग प्रत्येक प्रभाग समितीने आपल्या हद्दीतले रिवाइंडिंगवाले, पंप भाड्याने देणारे, प्रेशर पंप असलेले गाडी धुणारे यांची यादी करून तिथे का नोंदवू नये? डिझेलचा खर्च आणि कारागिरांचा रोज किती दिवसांत मिळेल हे आधी ठरवावे. नुसत्या भलेपणावर एखाद्या छोट्या दुकानाने दरवर्षी पदरमोड करावी, अशी अपेक्षा आपण ठेवू शकत नाही.

याला जोडूनच आणखी एक काळजी. 1962 मध्ये एमआयडीसीचा कारभार ज्या वागळे इस्टेटमधून सुरू झाला, तिथे आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. जुन्या ठाण्यात पुनर्विकास आला की अशी तेलकट, आवाज करणारी दुकाने नव्या इमारतीत कोणाला नको असतात. ती भिवंडीच्या पलीकडे गेली तर पाणी भरलेल्या दिवशी रस्ते बंद असताना पंप कुठून येणार? पुनर्विकासाचे प्रस्ताव मंजूर करताना या दुकानांना तिथेच, रस्त्यापासून थोड्या उंचीवर, गाळे मिळावेत.

मान्सूनपूर्व आढावा बैठका एप्रिल-मेमध्ये होतात. पुढच्या बैठकीला या व्यावसायिकांना बोलावून त्यांच्याकडे काय साधने आहेत, हे एकदा विचारावे, ही संबंधित अधिकाऱ्यांना विनंती.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)